भर उन्हात मगरिबची बांग

इनशिराहबाई एकदा खुर्चीत बसल्या की त्यांना उठवणं कैरोतल्या कुठल्याच निर्मात्याला जमलं नव्हतं. फिल्म कात्रीने कापावी लागायची, तेव्हापासून त्या संकलन करत होत्या. "परक्या पुरुषांबरोबर अंधाऱ्या खोलीत काम करणार असशील तर घरातून चालती हो," असं वडील म्हणाले, तर या बॅग भरून दारात उभ्या. शेवटी बापालाच माघार घ्यावी लागली.

आमच्याकडे रमजानच्या मालिका निम्म्या दाखवून झाल्या तरी निम्म्या घडायच्याच असतात. त्या वर्षी रमजान लागला आणि पहिल्याच दिवशी वदादबाई या म्हाताऱ्या नटीचा अंगणातला मोठा प्रसंग चित्रित झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. इकडे संगणकावर बघावं, तर वदादबाईंच्या तोंडून भांड्यांचा खणखणाट! कॅमेरा आणि आवाजाचं यंत्र, दोन्ही आपापल्या घड्याळातली वेळ नोंदवत जातात आणि त्या टाइमकोडवरून संगणक त्यांची सांगड घालतो. त्याच्याच भरवशावर दिग्दर्शकाने शॉटआधी नंबर पुकारून क्लॅप द्यायलाही फाटा दिला होता.

"आवाज गेला," निर्माते शौकी म्हणाले. "दुसरी नटी आहे ना, नाहिद, तिच्याकडून डबिंग करून घेऊ. संध्याकाळी भाग गेलाच पाहिजे."

"वदादच्या तोंडी नाहिद? अहो, तिची वाचा गेलीय, ती नाही गेली अजून!"

"मॅडम, दुसरे संकलक आहेत माझ्याकडे. तोंड न चालवता काम करतात."

"बोलवा की. मी उठले तर बसतील ना!" म्हणत बाईंनी शौकींना बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

आत उरला आवाजवाला अम्म बदवी. "देवाशपथ, शब्द न् शब्द घेतलाय मी."

"मग गेला कुठे? या बिननावाच्या ढिगातून एकेक ऐकत बसले तर ईद उजाडेल."

बाईंनी प्रसंग पुन्हा लावला. भांड्यांच्या मागे बांग ऐकू येत होती. कुणीतरी ओरडत होतं, "सरबत इकडे दे!" पडद्यावर मात्र वदादबाईंच्या मागच्या भिंतीवर ऊन होतं.

"अम्म बदवी, भिंतीवर ऊन आणि सूर्य बुडाल्यावरची मगरिबची बांग? कुणी सोडला हो हा रोजा? यंत्राचं घड्याळ मागे केलंत?"

"केलं की! सरकारने रमजानसाठी तासभर मागे घेतलं, सगळ्या देशाने घेतलं. रोजा सुटायची वेळ मी त्यावरच बघतो."

"आणि कॅमेरा?"

"तो भाड्याचा. त्याला कुठे रोजा असतो!"

कपाळावर हात मारून बाईंनी सगळा आवाज तासभर पुढे सरकवला. वदादबाईंचे ओठ हलले आणि त्यांचा तो खरखरीत आवाज खोलीभर घुमला: "माझ्या दारातून मला कोण हाकलतो, ते बघतेच मी!"

अम्म बदवी रडायलाच लागला. बाईंनी कडी काढली.

शौकींनी ऐकलं आणि घसा खाकरला. "छान. पण नाहिद आलीये. तिचं नाव मोठं, जाहिरातवाल्यांनाही सांगून बसलोय. तिचाच आवाज लावा."

"बरं," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. शौकींनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्या संध्याकाळी बाई वदादबाईंच्या उशाशी टीव्ही लावून बसल्या होत्या. प्रसंग सुरू झाला आणि फोन खणखणला.

"नाहिदचा आवाज कुठाय?" शौकी किंचाळले.

"माझ्याकडे आहे. सुखरूप."

"उद्यापासून येऊ नका!"

"मग उद्याचा भाग कोण जुळवणार? जाहिरातवाले?"

"तुम्हाला या धंद्यातूनच हाकलतो, बघा!"

बाईंनी फोन टीव्हीसमोर धरला. वदादबाईंनी चालत्या हाताने उशाखालचा रिमोट ओढला आणि आपलं वाक्य यायच्या आत आवाज पार मोठा केला.