जुन्या रस्त्यावरचे हुलगे

नांदेडहून निघालो तेव्हा उजाडायचं होतं. सायकल मधूची, माझ्या धाकट्या भावाची. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर पसरलेल्या सोयाबीनच्या काडावर त्याचं चाक घसरलं आणि मागून ट्रक आला. त्याची लेक रेवती आईबरोबर लातूरला राहते, तिथंच कॉलेजात आहे. तिला ही सायकल हवी होती. "दादा, तुम्ही म्हणाल तसं," तिची आई फोनवर म्हणाली. माझं उत्तर मनातून नाही असंच होतं. पण आधी लातूरपर्यंत चालवून बघतो, मग सांगतो, म्हणालो.

कंधारपर्यंत गाड्यांनी जीव नकोसा केला. मागे हॉर्न वाजला की मी उतरून कडेला उभा. किल्ल्याजवळ चहा घेताना हॉटेलवाला म्हणाला, "असं उतरत गेलात तर लातूरला उन्हाळ्यातच पोचता, काका." राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. रात्री अहमदपूरला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी चाकूरच्या अलीकडे नवा हायवे सरळ गेला होता आणि जुना रस्ता बाजूला सुटून राहिला होता. मी त्यावर वळलो. काय सांगू, पाच मिनिटांत सगळा गोंगाट मागे राहिला. ऐकू येत होती फक्त साखळीची किरकिर आणि तुरीतले तितर. मी चक्क रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. बऱ्याच वेळात मागे वळून पाहिलं नाही हे लक्षात आलं. मधूला हे फार आवडायचं. त्याच्याशिवाय ते सुख भोगताना मला अपराधी वाटत होतं.

वळणापलीकडे रस्ताभर हुलगे (कुळीथ) पसरले होते. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, मळणी आयती होते. कडेला एक म्हातारी बसली होती.

"बरं झालं आलात, भाऊ. घाला की दोन-चार फेऱ्या. सकाळधरनं एक गाडी आली न्हाई."

"मावशी, गाड्या आता पलीकडून जातात."

"ठाव हाय की. पर आमी दरसाल हितंच टाकतो."

माझं डोकं फिरलं. "असल्याच काडावर माझा भाऊ घसरून मेला. तुमची मळणी आयती होते, आणि माणसं जातात."

ती उठली आणि काठीनं वेल बाजूला सारत मला वाट करून देऊ लागली. तिला धड वाकवतही नव्हतं. मला लाज वाटली.

"बिरीक दाबला असंल त्यानं," ती खाली बघतच म्हणाली. "काडावर बिरीक दाबू न्हाई. हँडल सरळ धरून जाऊ द्यावं."

मधूला सायकल मीच शिकवली होती. हे शिकवलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

"राहू द्या मावशी," म्हणालो आणि सायकलवर बसलो. चाक डगमगलं, बोटं आपोआप ब्रेकवर गेली. ती उचलून धरली. चाक सरळ निघालं, खाली शेंगा तडतडल्या. एका सायकलीनं मळणी कसली होणार, पण ती पुरे म्हणेना आणि मी थांबेना. नंतर तिनं गरम माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ पेय) पाजलं. निघताना मी काडाची एक पेंढी मागून घेतली आणि कॅरियरला बांधली.

लातूरला रेवती फाटकातच उभी होती. "काका, हे काय आणलंत?"

"हुलग्याचं काड. सकाळी सहाला तयार राहा. सायकल तुझी, पण आधी ह्याच्यावरून न्यायला शिकायचं."

तिची आई पदर डोळ्याला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एसटीनं नांदेडला परतलो. बस नव्या रस्त्यानं भरधाव निघाली. ते वळण लांबून दिसलं, म्हातारी काही दिसली नाही. तिला सकाळचं सांगायला हवं होतं. गावाबाहेरच्या एका सुन्या रस्त्यावर मी काड पसरलं होतं. रेवतीनं पहिल्याच फेरीला ब्रेक दाबला आणि ती पडली. मी तिच्याकडे धावलो नाही, आधी मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता.