दोन किलोंची पडशी

माझी मासेमारीची पेटी जाड पत्र्याची होती. एका पत्रेवाल्याच्या डोक्यावर बसून मी ती करून घेतली होती. आत चार कप्पे, वर दणकट कडी, झाकण असं की त्यावर बसून दिवस काढावा. भरली की तेरा किलो. बाकीची माणसं तलावावर पिशवीत एक रीळ आणि डब्यात पीठ घेऊन येत, मी पेटी घेऊन जात असे. त्या पेटीनंच माझं पोट फाडलं असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. हर्नियाचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्याच महिन्यात मी ती उचलली होती. पाच वर्षांनी तिथंच पुन्हा फाटलं आणि पुन्हा जाळी बसवावी लागली.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी. पुढचं पुढं बघू."

"पाच किलो करा."

त्यांनी कागदावरून मान वर केली. "काय करा?"

"पाच. रोज नाही उचलणार. आठवड्यातून एकदा."

"आजोबा, ही मंडई नाही."

"बरं, चार."

बायकोनं माझी बाही ओढली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तीन म्हणालात तर मी दीड लिहीन. तिसऱ्यांदा फाटलं तर शिवायला जागा राहणार नाही."

वयानं माझ्या मुलाएवढा, पण गडी भावाला पक्का होता.

मी ओझं वाहूनच वर आलेला माणूस आहे. चादरींचं दुकान फार पुढं झालं. आधी करमाळ्याचा बाजार, माळशिरसचा बाजार. गठ्ठा एसटीच्या टपावर आणि स्टँडपासून बाजारापर्यंत माझ्या पाठीवर. हमाल मागं लागत, मी त्यांना शिव्या देऊन पुढं जाई. गिऱ्हाइकाच्या हातात चादर ठेवायची आणि म्हणायचं, "रंग राहू द्या, वजन बघा, वजन." सोलापूरची चादर वजनावर पसंत होते. चाळीस वर्षं मी वजनाचं कौतुक सांगत आलो. आता तेच वजन माझ्या मुळावर उठलं होतं.

हे एकवेळ सोसलं असतं. पण त्या काळात माझा आणि मिस्त्रीचा बोलाचा संबंध तुटलेला होता.

मिस्त्री म्हणजे पॉवरलूम दुरुस्त करणारा कारागीर. घरात तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी. वीस वर्षं आम्ही दोघं हिप्परग्याच्या तलावावर शेजारी शेजारी गळ टाकत आलो. या दुसऱ्या ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा तलावावर गेलो, तेव्हा रिक्षातून उतरून पैसे देईपर्यंत त्यानं माझी पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. खाली काठावर सात-आठजण बसलेले. एकजण ओरडला, "काय सावकार, हमाल ठेवला व्हय?" सगळे हसले. तेवढ्यावर भागलं असतं. पण मिस्त्री पेटी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "हमालाचं काय घिऊन बसलास. आता पेटी एकदा आणायची, आन सावकारांना एकदा."

माझं डोकं फिरलं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? उचल आणि नेऊन ठेव होती तिथं." त्यानं खरंच पेटी उचलली, वर रस्त्यावर नेऊन ठेवली आणि आपल्या जागी येऊन बसला. मी रिक्षावाल्याकडून ती चढवून घेतली आणि तसाच घरी आलो. चार महिने मी त्याच्याशी बोललो नाही. हात लावण्याचं सोडा, पण ते वाक्य त्यानं बोलायला नको होतं असं मला आजही वाटतं.

तेव्हा आता प्रश्न असा होता की, कुणाचाही हात न लागता सामान तलावापर्यंत न्यायचं कसं. तेवढं जमलं तर माझा रविवार माझा राहणार होता. नाहीतर पेटी भंगारात आणि मी गॅलरीत.

मी बाजार पालथा घातला. एका दुकानात मासेमारीची खास बॅग मिळाली, अंगभर खिसे, चेनच चेन. हातात घेतली तर रिकामीच दीड किलोची. दुकानदाराला म्हणालो, "यात मी काय हवा भरून नेऊ?" मुलाची चाकांची बॅग नेऊन पाहिली. डांबरी रस्त्यावर ती सुनेसारखी मुकाट मागं आली. उतारावर काळी माती लागली तशी चाकं चिखलानं भरली, आणि बॅग ओढायला लागणारा जोर उचलण्यापेक्षा जास्त झाला. तिथूनच परतलो. नातीचं दप्तर पाठीवर घेतलं, तर ते खांद्यावर चढवताना जो हिसका बसला त्यानं टाक्यांची जागा दिवसभर ठणकली.

बायको हे सगळं बघत होती. शेवटी ती म्हणाली, "मामंजी मेंढरांमागं जाताना काय न्यायचे?"

माझे वडील मेंढरं राखायचे. त्यांच्या खांद्यावर लोकरीची पडशी असे. एक लांब पट्टा, दोन्ही टोकांना खिसे, एक छातीवर लोंबतो, एक पाठीवर. दोन्हीकडं सारखं वजन ठेवलं की पोटावर ताण येत नाही आणि हात मोकळे राहतात. माझ्या डोळ्यांसमोर असलेली वस्तू, मला सुचली नव्हती.

पहिली पडशी मी दुकानातल्या चादरीची करायला निघालो. बायकोनं ताणकाट्याला अडकवून दाखवली. चादरच दीड किलो. "घ्या," ती म्हणाली, "सांगा आता कुणाला, वजन बघा म्हणून." मग तिनं माळ्यावरच्या दोन मोडक्या छत्र्या काढल्या, त्यांचं काळं कापड उसवलं आणि मशीनवर पडशी शिवली. भिजत नाही, फाटत नाही, आणि काटा जेमतेम हलतो. मी तिला शाबासकी दिली नाही. द्यायला हवी होती.

मग आम्ही जेवणघरात समोरासमोर बसलो आणि सामानाची घासाघीस सुरू झाली. मी विकणारा, ती घेणारी.

"हे दुसरं रीळ."

"कशाला? हात किती हायत तुमाला?"

"पहिलं अडकलं तर?"

"तर घरी यायचं."

रीळ गेलं. घडीची खुर्ची गेली. जाड काठी गेली, एकात एक सरकणारी हलकी काठी आली. गळ तंबाखूच्या रिकाम्या डबीत. गळ बुडावा म्हणून दोऱ्याला लावायचं शिसं मी मूठभर ठेवलं होतं, ते तिनं उचलून बाजूला टाकलं. "तळ्यावर दगडं संपली का? बांधा की एक." पेंडीचं पीठ कोरडंच न्यायचं, तिथल्या पाण्यात मळायचं. तरी काटा दोन किलोंच्या वर. उरली पाण्याची बाटली.

"हितंच पिऊन जावा."

"पोटात घातलं म्हणजे वजन नाही का ते?"

"पोटातल्या वजनाचं डॉक्टर काय बोलले न्हाईत."

काटा दोनवर येऊन थांबला. इतका कसून सौदा मी आयुष्यात केला नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलाला न सांगता मी निघालो.

उन्हाळा लागला होता. उन्हाळ्यात तलाव मागं सरकतो. रस्त्यापासून पाणी पूर्वी दीडशे पावलांवर असे, आता चारशेच्या वर होतं. मधली जमीन वरून वाळलेली, भेगाळलेली, आतून मऊ. पण पडशी अंगावर आहे हे कळतही नव्हतं. खाली उतरलो. मिस्त्री त्याच्या नेहमीच्या जागी होता, एकटाच. मी त्याच्याकडं न बघता शंभर पावलं पुढं गेलो आणि बसलो. त्यानं बघितलं असणार. बघावं म्हणूनच मी त्याच्या पुढून गेलो होतो.

दगड बांधला, पीठ मळलं, गळ टाकला. दोन तास मी फार सुखात होतो. त्याच्याविना माझं काही अडत नाही हे त्याला दिसत होतं, आणि ते दिसण्यासाठी मासा लागण्याचीही गरज नव्हती.

मासा लागला.

काठी अशी वाकली की बसल्या जागी मी पुढं ओढला गेलो. मी जोर केला नाही, जोर करणार कुठून? दोरा सोडत गेलो, तो थकला की गोळा करत गेलो. पाऊण तास गेला असेल. शेवटी तो उथळ पाण्यात कुशीवर आला. कटला होता. डोकं माझ्या दोन पंजांएवढं. मी वाकून त्याच्या पोटाखाली हात घातला, उचलला नाही, नुसता तोलला. चाळीस वर्षं चादरी तोललेला हात आहे, चुकत नाही. सहा किलो.

आणि तिथं, गुडघाभर पाण्यात, मला कळलं की आपण काय केलं. जाताना न्यायच्या एकेका वस्तूचं वजन आम्ही केलं होतं. येताना आणायच्या वस्तूचं केलं नव्हतं. मासे धरायला निघालेल्या माणसानं हिशेबात मासाच धरला नव्हता.

तोंडातून दोरी ओवून मी त्याला पाण्यात बांधला आणि काठावर बसलो. सोडून द्यावा म्हटलं, तर गळ आत घशापर्यंत गेलेला, कल्ल्यातून रक्त येत होतं. सोडला तरी जगणार नव्हता. मुलाला फोन केला तर तो आधी आईला ओरडला असता. रिक्षावाला चारशे पावलं खाली येणार नाही. ओढत न्यावा तर चिखलात ओढायलाही जोर लागतो, ते चाकांच्या बॅगेनं शिकवलं होतं. मी तरी दोरी हातात घेऊन दोनदा उभा राहिलो. दुसऱ्यांदा जांघेत कळ आली तसा घाम फुटला आणि खाली बसलो.

ऊन चढत होतं. प्यायला पाणी नव्हतं, ते घरीच पिऊन आलो होतो. मासा मधून मधून शेपटी आपटत होता, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. मला नेहमी राग येतो. रागावर मी माणसं सरळ केलीत, बाजार धरलेत. त्या दिवशी मी राग शोधत होतो आणि तो कुणावर काढायचा हेच सापडत नव्हतं. मिस्त्रीकडं बघितलं. त्याची पाठ. हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

तासाभरानं तो स्वतःच उठला. आपलं सामान पिशवीत भरलं, सावकाश माझ्याकडं आला. आधी माशाकडं बघितलं, मग माझ्या पडशीकडं. कापड बोटांत चोळून पाहिलं.

"छत्री?"

"हं."

"चांगलंय." मग तो पाण्यात उतरला. दोरी सोडली, कल्ल्यात बोटं घालून मासा अर्धा वर काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "अर्धा माझा."

"बरं," मी म्हणालो.

त्यानं मासा पुन्हा पाण्यात ठेवला. लगबगीनं माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "सावकार, काय दुखतंय का? छातीत हाय का? बसा. हलू नका."

"काही दुखत नाही. उचल आणि चल."

"मग बरं काय म्हणताय? तुमी छटाकावरनं सुरू करणारा माणूस." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. चार महिन्यांच्या अबोल्यानं त्याला कधी भीती वाटली नसेल, तेवढी त्या एका शब्दानं वाटली होती. "फोन करू का घरी?"

"नको."

तो तसाच उभा. मासा उचलेना. मग म्हणाला, "बरं, तिसरा हिस्सा. आन डोकं माझं."

"डोकं नाही," मी म्हणालो. न ठरवता तोंडातून गेलं.

"आता कसं," असं म्हणून त्यानं श्वास सोडला, पाण्यात जाऊन मासा उचलला आणि खांद्यावर घेतला.

चढ सुरू झाला. तो पुढं, मी मागं. त्याच्या खांद्यावर सहा किलो, हातात पिशवी. माझ्या अंगावर दोन किलोसुद्धा नाहीत, पीठ संपलेलं, दगड पाण्यात गेलेला. तरी मी मागं पडत होतो. दर वीस-पंचवीस पावलांना तो थांबायचा, मासा या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा, तंबाखू चोळायचा. मासा मुळीच घसरत नव्हता, मला दिसत होतं. मी जवळ पोचलो की तो पुन्हा चालायला लागायचा.

मी त्याला थांब म्हणालो नव्हतो. थांबू नको असंही मला म्हणता आलं नाही.