उभ्याने पाहिलेला फोटो

मी पदवीधर झालो तो राळेगावच्या शाळेतल्या आमच्या इतिहासाच्या सरांमुळे. आजही वेचलेल्या कापसाचा उबदार वास आला की त्यांची ओसरी आठवते. पुढे महायुद्धात पळून गेल्याच्या आरोपावरून स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या सैनिकांच्या फोटोंवर मी संशोधन सुरू केलं होतं, पण पहिल्याच फोटोने धीर सुटला आणि विषय सोडतो हे सांगायला मी सरांकडे गेलो. ओसरीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, त्याला टेकून सरांची खुर्ची. "मरणारा माणूस पाहत बसणं मले जमत नाही, सर." "मंग काय कापूस वेचतं? दाखव तं खरा." खांबाला बांधलेला, डोळ्यांवर पट्टी, एका बुटाची नाडी सुटलेली, असा तो कोवळा सैनिक पाहताच सर दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांनी टोपी काढली. मी म्हटलं, "बसा ना, सर." फोटोवरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, "त्याले उभं करून मारलं ना, लेका. आपण बसून पाहाचं काय?" मीही उठलो. मयतीला उभं राहावं तसे आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे होतो, आणि त्या ओसरीत मोठ्याने श्वास घ्यायचीही मला भीती वाटत होती. परवा शेवटचा फोटो तपासून झाल्यावर मी सरांना पत्र टाकलं: "सर, सगळे फोटो पाहून झाले. एकही बसून पाहिला नाही."