दारातल्या ढोबळे मॅडम

ढोबळे मॅडम फळ्यापाशी कमी आणि वर्गाच्या दारात जास्त उभ्या असत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, जीवरसायनशास्त्राच्या तासाला आम्ही तिघे मित्र गळ्यात हात टाकून आत शिरत होतो, तर त्यांनी दारातच हात आडवा धरला. दोघांना आत ढकललं आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर जाय गा. तू कार्बन डायऑक्साइड होय."

मी बावळटासारखा व्हरांड्यात उभा. आतून त्यांचा खणखणीत आवाज येत होता. साखर मोडली की तीन कार्बनचं पायरुवेट होतं. ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात शिरतं, तिथे त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन गळतो आणि उरलेल्या दोघांना कोएन्झाइम ए हाताला धरून पुढे नेतं. हेच ॲसिटिल कोए. "अन् एकदा ते झालं का परत पायरुवेट होणं नाही, पोट्टेहो. बाहेरच्याची कितीही आठवण आली तरी!" वर्ग खो खो हसला. बाहेर काढलेली मुलं एरवी खुशीत फाटकासमोरच्या टपरीवर तर्री-पोहे खायला पळायची. मी मात्र तिथेच थांबलो. असं शिकवणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मॅडम शेतकऱ्याच्या घरातल्या, राहायला नागपूरच्या महाल भागात. इंग्रजी पुस्तकातला धडा त्या बिनदिक्कत आपल्या बोलीत शिकवत. वर्गात जरा शुद्ध बोला, असं कोणी सुचवलं की म्हणत, "पेशीले कोणती भाषा येते, ते विचारून या पहिले."

पुढे त्यांनी दाराच्या कडीलाही कामाला लावलं. एक मुलगी कडी लावणारी, दुसरी काढणारी. आत ॲसिटिल कोए आणि ऊर्जा साठली की कडी लागायची. ऊर्जा सरत आली, बाहेर पायरुवेट साचलं, की निघायची. "घर भरलं असन तं अजून पाहुणे काहून घेता?" एवढ्या एका प्रश्नात त्या अख्खं नियंत्रण शिकवून मोकळ्या.

हे दार चालवायला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-वन लागतं. ती भूमिका खुद्द मॅडमची. एकदा त्या मुद्दाम दार लावून आत बसून राहिल्या. बाहेर नागपूरचं ऊन, अख्खा वर्ग, रेटारेटी. कोणाची तरी चप्पल तुटली. शेवटी दार उघडून शांतपणे म्हणाल्या, "दारवान नसताना साखर ओतत गेलं का असं होते. मेंदूचं लई नुकसान होते. उपाशी माणसाले आधी दारवान, मंग पाहुणे."

बरीच वर्षं गेली. मी नागपुरातच एका रुग्णालयात नोकरीला लागलो. यंदा उन्हाळ्यात एका दुपारी एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. पोटाच्या ऑपरेशननंतर कित्येक दिवस तिला उलट्या होत होत्या. चालताना तोल जात होता, बोलणं असंबद्ध, डोळ्यांची बुबुळं थरथरत होती. केसपेपरवरचं नाव मी दोनदा वाचलं. ढोबळे मॅडम!

"पहिले ग्लुकोज लावा ना, डॉक्टरसाहेब," मुलगा हात जोडत म्हणाला. "काहीच खाऊन नाही राहिली ती."

आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की ग्लुकोजची बाटली टांगायची, ही सगळ्यांचीच सवय. सिस्टरांनी टांगलीही होती. मी रक्तातली साखर तपासली, ती काही कमी झालेली नव्हती. "सिस्टर, थांबा. आधी थायमिन," मी म्हणालो. मुलगा चिडला, मला नावं ठेवू लागला. मी त्याला एवढंच म्हणालो, "हे तुमच्या आईनंच शिकवलंय." शिरेतून थायमिन गेलं, त्यानंतरच ग्लुकोज सुरू केलं. एवढी हुशार बाई स्वतःला विसरून जाते की काय, या भीतीनं मी घरी गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे स्थिरावले. मग हळूहळू त्या माणसं ओळखू लागल्या. एका सकाळी राउंडला गेलो, तर उठून बसलेल्या.

"आधी काय देलं मले?"

"बी-वन, मॅडम. मग ग्लुकोज."

त्यांनी मान डोलावली. मग डोळे बारीक करून माझा चेहरा कितीतरी वेळ न्याहाळला.

"तुले तं मी वर्गाबाहेर काढलं होतं ना गा?"

"हो मॅडम. पण मी दाराशीच उभा होतो."