बिनदाराच्या जीपची कुलपं

चोराची वाट आमच्या भावजींनी जितक्या निष्ठेनं पाहिली, तितकी कुठल्या सासुरवाडीनं दिवाळसणाला जावयाचीही पाहिली नसेल. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. भूमच्या बाजूला माळावर आमची वस्ती आहे. तिथं आमची आणि त्यांची घरं समोरासमोर आहेत आणि मधल्या अंगणात त्यांची जीप उभी असते. सरकारी लिलावातून घेतलेली, चारही चाकांना जोर लागणारी, ताडपत्रीच्या टपाची जुनी गाडी. तिला दारं नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कुलपांचं जे पुराण येणार आहे ते ऐकताना कुणीही माणूस दारं गृहीत धरूनच चालतो. दारं नाहीत, काचा नाहीत, मागचा फळका दोरीनं बांधलेला. आणि कुलपं मात्र एवढी की भूमच्या गॅरेजवाल्या चाचांनीसुद्धा एकदा कपाळावर हात मारला होता. "भाई, इत्ते कुलपां तो खजाने कू बी नै लगाते!"

मला या कुलपांचा राग यायचं कारण साधं आहे. माझी खव्याची भट्टी आहे. ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवरचं दूध सकाळी वेळेत भट्टीवर यावं लागतं, आणि पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे काळा चिखल आणि त्यातून डोकी वर काढलेले धोंडे. मोटरसायकलवाला कॅनसकट आडवा होतो, टेम्पो ओढा बघून माघारी वळतो. भावजींची जीप तेवढी पोटापर्यंतच्या पाण्यात उतरून, गुरगुरत पलीकडं चढते. माझा धंदा या जीपवर उभा आहे, हे मला मान्य आहे. पण म्हणून मी कढईखाली जाळ लावून उभी राहायचं आणि यांनी अंगणात बसून एकेक कुलूप उघडायचं? आधी चाकाची साखळी. मग गिअरच्या दांड्याचा अडसर. मग क्लच आणि ब्रेक एकत्र जखडणारा गज. मग घरात जाऊन तांदळाच्या डब्यातून बॅटरीची वायर आणायची, ती जोडायची, मग सीटखालचं गुप्त बटण चाचपायचं. गुप्त म्हणजे वस्तीवरच्या सगळ्यांना ठाऊक असलेलं, कारण ते किती गुप्त आहे हे भावजींनीच सगळ्यांना दाखवलं होतं. मी भट्टीवरून ओरडायची, "भावजी, दूध फाटायलंय तिकडं!" तर ते किल्ल्यांचा जुडगा वाजवत शांतपणे म्हणायचे, "वैनी, चोर म्हंजी काय पाव्हणा हाय का? त्यो सांगून येत न्हाय."

परगावी गेले की ते स्टेअरिंगच काढून सोबत घ्यायचे. लोहाऱ्याला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मुलीचा मामा मांडवात काखेत स्टेअरिंग धरून हजर. एका हातानं अक्षता टाकल्या, दुसऱ्या हातात स्टेअरिंग. पंगतीत मांडीवर स्टेअरिंग. वाढप्यानं बुंदी वाढता वाढता विचारलं, "पाव्हणं, गाडी घिऊनच जेवाय बसलाव का?" सगळी पंगत हसली. भावजी हसले नाहीत. "रस्त्यावर लावल्याली गाडी आन् चुलीवर ठिवल्यालं दूध, नजर हटली की गेलं," असं त्यांनी त्याला सुनावलं आणि वर माझ्याकडं बघून मान हलवली, जणू दुधाचा दाखला माझ्या सोयीसाठी दिला होता. लग्नाच्या अल्बममध्ये आजही नवरा-नवरीच्या मागं ते काळं स्टेअरिंग दिसतं. मुलीच्या सासरची माणसं बरेच दिवस समजत होती, आमच्याकडं मामाला तसा मान असतो.

साखळीची तऱ्हा आणखी वेगळी. ती चाकातून ओवून माझ्या ओसरीच्या लोखंडी खांबाला बांधलेली असायची. तुमच्या स्वतःच्या ओसरीला खांब नाही का, असं मी विचारलं, तर "तुमचा पक्का हाय" हे उत्तर. एका सकाळी मी 'लवकर निघा, लवकर निघा' म्हणून मागंच लागले होते. त्या गडबडीत बाकी सगळी कुलपं उघडून, नेमकी साखळी विसरून त्यांनी गाडी हाणली. माझा खांब किती पक्का होता ते त्या दिवशी कळलं. ओसरीचे पत्रे खाली आले, पत्र्यांवर वाळत घातलेल्या कुरडया अंगणभर झाल्या, कोंबड्यांचा सण झाला. भावजी गाडीतून उडी मारून धावत आले ते थेट साखळीपाशी. तिची एकेक कडी तपासली आणि उजळलेल्या चेहऱ्यानं मला म्हणाले, "बगा वैनी! खांब आला, पर साखळी तुटली न्हाय!" त्या क्षणी माझ्या हातात झारा होता. तो मी हातातच ठेवला, हे माझे उपकार.

मग त्यांनी भोंगा बसवून घेतला. जीपला कुणाचा धक्का लागला की तो सुरू व्हायचा. चोर आला नाही. कोंबडी आली, मांजर आलं, सुसाट वारा आला. धारेला बसावं आणि भोंगा वाजावा, की म्हैस लाथ झाडून उभी. चांगल्या दुभत्या म्हशींनी पान्हा चोरायला सुरुवात केली. मी म्हटलं, "भावजी, गाडी न्हाय नेली कुणी, पण आपलं दूध नेलं की तुमच्या भोंग्यानं!" तर म्हणे, "म्हशीला सवय हुईल." म्हशीला झाली नाही, आणि मला तर मुळीच झाली नाही, मीच पक्कड घेऊन त्याच्या वायरी तोडल्या. त्यानंतर ते संध्याकाळी जीपचं एक चाकच काढून घरात नेऊन ठेवायला लागले. माझी धाकटी जाऊ गरीब बाई, पण एकदा तीही भट्टीवर येऊन भडाभडा बोलली. "अक्का, थंडीचं त्या चाकाला गोधडी टाकत्यात. रबर आखडतंय म्हणं. म्या कुडकुडून मेले तरी इचारायचे न्हाईत!"

मागच्या वर्षी गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दाखवणारं यंत्र त्यांनी बसवलं. आमच्या माळावर मोबाईलची रेंज म्हणजे आली तर आली. एका दुपारी हे धापा टाकत भट्टीवर आले. "वैनी, गाडी गेली! माकणीच्या धरणात दिसायलीय!" माकणी आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी जाळ तसाच टाकून अंगणात आले. जीप जागच्या जागी, साखळीसकट. त्यांनी जीपवर हात ठेवला, मोबाईल बघितला, पुन्हा जीपवर हात ठेवला. "पर ह्यात तर धरणात हाय," ते पुटपुटले. कुणावर विश्वास ठेवावा हे त्यांना खरोखरच कळेना. "मग पवत जावा आन् काढून आणा," मी म्हटलं आणि परतले. तोवर खवा कढईला लागला होता.

हे सगळं मी सोसलं. पण यंदाच्या दसऱ्याला जे झालं ते सोसण्यासारखं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं-अवजारं देवघरात पाटावर मांडून पुजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, माझा झारा. एकदा पाटावर मांडलं की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही, वापरायचं नाही, हा घरचा रिवाज. भावजींचं म्हणणं, जीपची हत्यारं म्हणजे तिची कुलपं. तेव्हा दरवर्षी ते सगळी कुलपं, साखळी, अडसर, गज उतरवून घासून लख्ख करतात आणि माझ्या ओसरीत वेगळ्या पाटावर मांडतात. आणि वाहन कधी अर्धं पुजायचं नसतं, म्हणून जीप मात्र चारही चाकांनिशी, स्टेअरिंगसह, वायर जोडून, किल्लीला कुंकू लावून ती किल्ली जागेवरच ठेवून, झेंडूची माळ घालून उभी. वर्षातून एवढाच काय तो काळ ती कुणीही नेऊ शकेल अशी असते. नवमीला ते तिच्यातच झोपतात. पण दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटायला शिवेवर घरच्या सगळ्यांनीच जायचं असतं. भावजी गेले, पण पाय ओढत, मागं बघत.

परत आलो तर माझ्या ओसरीतला कुलपांचा पाट रिकामा. झेंडूची फुलं तेवढी विखुरलेली. साखळी गेली, कुलपं गेली, अडसर, गज, सगळं लोखंड गेलं. पितळी समईला हात लावला नव्हता, कारण ती मी कपाटात ठेवून गेले होते. आणि जीप? जीप उभी. माळ जागेवर, किल्ली जागेवर, कुंकूसुद्धा पुसलं नव्हतं. जीपच्या अगदी शेजारी मऊ मातीत तीनचाकी टमटमच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. म्हणजे बघा, जड साखळी न्यायची म्हणून चोरांनी स्वतःचं वाहन आणलं, ते जीपला खेटून लावलं, साखळी त्यात भरली आणि निघून गेले. ज्या गाडीत घालून न्यायला ना किल्ली शोधायला लागत होती ना कुलूप तोडायला, तिच्याकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही.

मी संतापानं दुसऱ्या दिवशी भावजींना घेऊन चौकीत गेले. तिथला जमादार लिहायला बसला.

"काय गेलं?"

"कुलपं. साखळी."

"कशाची?"

"जीपची."

"आन् जीप?"

"जीप हाय की."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मंग चोर शाणा म्हणायचा की वो, ताई!" आणि शेजारच्या टेबलावरचाही हसला. मी त्या दोघांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. जन्मभर जिला मी डबडं म्हणत आले ती जीप. पण मी म्हणणं वेगळं. तेवढा हक्क मी कमावलाय. या लोकांनी तिच्यात बसून कधी ओढा ओलांडलाय?

त्या दिवसापासून भावजींनी कुलूप लावणं सोडलं. किल्ली गाडीतच लोंबकळायला लागली, चाक चाकाच्या जागी, स्टेअरिंग स्टेअरिंगच्या. दूध रोज वेळेच्या आधी यायला लागलं. माझ्या खव्याला असा रंग कधी आला नव्हता. आणि मला मात्र सकाळ झाली की त्या सुन्या अंगणाची चीड यायची. जाऊ येऊन म्हणाली, "अक्का, ह्ये धड जेवंनात. म्याच म्हणलं, चाक घरात आणा, म्या गोधडी टाकते. तर नगं म्हणत्यात. 'कोन नेतंय त्याला' म्हणत्यात."

मग एक दिवस अंगणात भंगारवाला दिसला. नखानं पत्रा खरवडत होता. "पत्रा खाल्लाय गंजानं. दिवाळी झाली की नेतो," तो म्हणाला आणि भावजी चक्क मान हलवत होते! मी त्याला आल्या वाटेनं हाकललं. "भावजी, हे काय मांडलंय?" मी विचारलं. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "चोरालाबी नगं झाली वैनी. आपुन कशापायी संबाळायची?" दुधाचं काय, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण त्यांचं तोंड बघून तो विचारवला नाही. तसे माझे प्रश्न सहसा माघारी जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुकाट्यानं कॅन उतरवत होते. मी कढईतनं नजर न काढता म्हटलं, "काल दुपारी तुमी रानात होता तवा एक माणूस येऊन गेला."

"भंगारवाला आसंल."

"त्याला काय मी ओळखत न्हाय? ह्यो बूट घालून आल्ता. तुमच्या जीपभोवती दोनदा फिरला. वाकून खालनं बघितलं. चारी चाकाला जोर हाय का, असं आपल्याशीच बोलत व्हता."

कॅन हातातच राहिला. "मंग?"

"मंग काय, मी भाईर आले तर मोटरसायकलला किक मारून पळाला."

"नंबर बगितला?"

"चिखलानं भरल्याला."

"मुद्दाम लावत्यात चिखल," ते हळूच म्हणाले. "सराईत हाय." मग जवळ येऊन, "मिशा व्हत्या?"

"व्हत्या."

"दांडग्या?"

"मध्यम," मी म्हटलं. उगाच वाढवून सांगणं मला जमत नाही.

"आन् किल्ली तर आतच व्हती माझी!" असं ओरडून ते कॅन तिथंच टाकून अंगणाकडं पळाले. आठवडी बाजारातून नवी साखळी आली, चाचांकडून नवा गज आला, भंगारवाल्याला निरोप गेला की पुन्हा वस्तीवर दिसलास तर पाय मोडीन. पुढच्या सकाळी दूध उशिरा आलं. मी भट्टीवरून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले, आणि त्यात खोटं काहीही नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर कुणाला परवडतं?

अजूनही ते मधूनच सहज विचारल्यासारखं विचारतात, "वैनी, त्यो बूटवाला पुन्यांदा दिसला का वो?" मी नाही म्हणते. त्यांचा चेहरा जरासा उतरतो. मग मला आठवल्यासारखं करून सांगावं लागतं, की परवा फाट्यावर एक मोटरसायकल बराच वेळ उभी होती खरी. खोटं बोलायची मला आवड नाही आणि तेवढा वेळही नसतो. पण दुपारी भट्टी विझली की मी ओसरीत टेकते आणि नजर आपोआप रस्त्याकडं जाते. वाटतं, एखाद्या दिवशी खरंच कुणीतरी यावं. गाडी नेऊ नये त्यानं, आम्हाला ती लागते. पण थांबावं, जीपभोवती एक चक्कर मारावी, आणि भावजी घरात असताना, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, दोन शब्द बरे बोलून जावं.