चावडीचा फळा वाचणारे तात्या

गंगारामतात्यांच्या नाकाच्या शेंड्यावर कायम गंजाचा तांबूस ठिपका असायचा. चावडीच्या भिंतीवर सरकारी नोटिसांचा फळा होता, त्याला जाळीची दारं होती आणि तात्या त्या जाळीला नाक टेकवून वाचायचे. रोज. मी एसटीतून उतरून कुलूप काढायला जायचो, तर हे गृहस्थ आधीच हजर. स्वच्छ धोतर, इस्तरीचा सदरा, खिशाला पेन आणि काखेत शंभर पानी वही. तलाठी म्हणून त्या गावात रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी मला सुनावलं, "नवं भाऊसाहेब का? बरं झालं आलात. फळ्यावर तीन नोटिसा मुदत संपलेल्या हायती. त्या काढा आधी. शिळा कागद ताज्या कागदाला झाकतो."

मी मनात म्हटलं, झालं! आली साडेसाती.

ही एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. माझं बिऱ्हाड बारामतीला आणि नेमणूक इंदापूर तालुक्यात, कळसच्या पलीकडच्या एका गावी. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. तेव्हा सरकारी कागद बघायचा म्हणजे तलाठ्याच्या मागे हिंडायचं. तलाठी सापडला तर दप्तर तहसीलला, दप्तर सापडलं तर तलाठी रजेवर. लोकांना आपणहून कळवायचं म्हणून सरकार जे काही करायचं, ते त्या फळ्यावर. आणि फळा वाचतो कोण? पूर्वी शेळ्या नोटिसा खायच्या म्हणे, म्हणून जाळी बसवली. म्हणजे शेळ्यांनाही उपयोग राहिला नाही.

तात्या मात्र वाचायचे. कालव्यावर पाटकरी म्हणून पाणी सोडण्यात जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर हे व्रत घेतलं. रोज चावडी, दर गुरुवारी एसटीनं इंदापूर. तिथे तहसीलचा फळा आणि पंचायत समितीचा फळा. जे आपल्या गावाचं असेल ते वहीत उतरवायचं, आणि ज्याचं असेल त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. मतदारयादीची दुरुस्ती लागली होती तेव्हाचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. तात्यांनी गणपत नावाच्या एका धडधाकट माणसाला दारातूनच हाक मारली.

"गणपा, जिता हायस न्हवं?"

"का वो तात्या, सकाळच्या पारी?"

"फळ्यावर मयत म्हणून लागलायस. आठ दिवसांत हरकत घे, न्हायतर मेलेलाच ऱ्हाशील."

गणपतची बायको आतून तात्यांना शिव्या देत बाहेर आली. मग सगळं समजल्यावर तिनेच चहा केला. निराधार पेन्शनच्या यादीतून गळलेल्या म्हाताऱ्या, फेरफारात नाव सुटलेले भाऊ, किती जणांना तात्यांनी वेळेत जागं केलं याची गणती नाही. लोक कौतुक करायचे आणि पाठीमागे चेष्टाही करायचे. "आकाशवाणी आली," म्हणायचे.

त्यांची वाचायची रीत उलटी होती. नजर आधी खाली, तारखेवर. मग वर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आधी तारीख, मग मजकूर. मजकूर कुठं पळून जात न्हाय भाऊसाहेब. तारीख पळती." माझ्या भाषेचीही ते पिसं काढायचे. "'सदरहू', 'उपरोक्त', 'इकडील कार्यालयास'... ही नोटीस माणसाला हाय का वकिलाला? आमच्या सोनाला, माझ्या भनीला, वाचून दावली तर म्हनंल, कोन गेलं रं?" मी चिडायचो. पण पुढे पुढे नोटीस लिहिताना तात्या वाचणार आहेत हे डोक्यात असायचं, आणि एखादा 'सदरहू' मी मुकाट्यानं खोडायचो.

एकदा चावडीच्या पायरीवर बसून त्यांनी वडिलांचं सांगितलं. दवंडी द्यायचं काम त्यांच्या घरात होतं, पिढीजात. "गळ्यात हलगी अडकवून माझा बा गावभर फिरायचा. सरकारचं सांगनं घराघरात पोचवायचं, आन् त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर भाकरीसाठी उभं ऱ्हायचं. छप्पनला आमी बौद्ध झालो, तवा बानं हलगी हिरीत टाकली. झ्याक केलं. पर भाऊसाहेब, हलगी थांबली तवा सरकार बी मुकं झालं बगा. नुसतं भिताडाला कागद डकवतंय. म्हणून मी सांगतो. बाला सक्ती हुती. मला हौस हाय." हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. अभिमान होता त्यात, आणि रागही.

पण हौस हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं होतं सोनाबाई, त्यांची विधवा धाकटी बहीण. रस्त्याच्या कडेला, सरकारी हद्दीत तिची एक पत्र्याची झोपडी होती. रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठली की बाईची झोप उडायची. तात्यांच्या दोन खोल्यांत दोन मुलं, सुना, नातवंडं. तिथे तिला जागा नव्हती. बेघरांना गावठाणाला लागून प्लॉट देणार, असं चार वर्षं नुसतं बोललं जात होतं. "मला एकाच नोटिशीची वाट हाय," तात्या म्हणाले. "ती लागली की पंधरा दिवसांत अर्ज करायचा. बाकीच्या नोटिसा वाटंत भेटत्यात, म्हणून सांगत जातो."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. अक्षर दिसेना म्हणून तर नाक जाळीला. ऑपरेशन करा, असा धोशा मीच लावला. बारामतीला सोय होती, त्यांची मुलगीही तिथेच दिलेली. तेव्हा ऑपरेशन म्हणजे पट्टी, काळा चष्मा आणि पंधरा-वीस दिवस घराबाहेर पडायचं नाही. तात्या तयार होईनात. "फळा कोन वाचंल?"

मी हसून म्हणालो, "अहो, नोटिसा लावणारा मीच ना? मी बघतो फळ्याकडं. काही लागलं तर संध्याकाळी बारामतीला येऊन सांगतो. माझ्या घराजवळच तर आहे तुमची मुलगी."

"शब्द?"

"शब्द."

ते गेले, आणि चौथ्या दिवशी इंदापूरहून कागद आला. अठरा प्लॉट. बेघर कुटुंबांनी पंधरा दिवसांत तलाठ्याकडे अर्ज करावेत.

त्याच दुपारी गावातले एक वजनदार गृहस्थ चावडीत आले. त्यांना कागदाची खबर माझ्या आधी होती. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "नोटीस लावा भाऊसाहेब. नियम हाय, लावलीच पायजे. पर डांगोरा कशाला? अठराच तर प्लॉट हायती, आन् आपली मानसं बी हायतीच की." मग उठता उठता सहज बोलल्यासारखं, "तुमच्या बारामतीकडच्या बदलीचं मी बोलून ठेवलंय वर."

तीन वर्षं मी रोज एसटीचे धक्के खात होतो. घरी आई अंथरुणाला खिळलेली, बायको एकटी सगळं ओढत होती. ही कारणं मी अजूनही स्वतःला सांगतो. ऐकायला बरी वाटतात. मी नोटीस लावली. नियमाप्रमाणे, तारीख घालून. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, एका जुन्या लिलावाच्या कागदाखाली अर्धी जाईल अशी. तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं माझ्या चांगलं लक्षात होतं.

पाच दिवसांनी मी त्यांना बघायला गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं. मोसंबी नेली. डोळ्यावर पट्टी बांधून तात्या खाटेवर बसले होते, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. तब्येतीचं वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "फळ्यावर काय हाय?"

मी म्हणालो, "जुनंच सगळं."

"बरं झालं," म्हणाले, आणि समाधानानं मागे टेकले. त्यांच्या मुलीने चहा आणला. तो मी प्यालो.

तात्या गावी परतले तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. सकाळी मी आलो तर ते फळ्यापुढे उभे. नवा जाड चष्मा, आणि नाक जाळीपासून चांगलं हातभर लांब. कधी नव्हे ते जाळीचं दार उघडून त्यांनी तो लिलावाचा कागद उचलून धरला होता. आधी तारीख वाचली, मग मजकूर वाचला. मग पुन्हा तारीख.

"भाऊसाहेब, ही तर मी दवाखान्यात असताना लागलीया."

"तात्या, अहो... कामाच्या गडबडीत पार डोक्यातून गेलं बघा."

नव्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं त्यांना आत नेलं, कोरा कागद पुढे सरकवला. "आत्ता अर्ज लिहा. मागची तारीख टाकतो, आवक रजिस्टरला एक ओळ मोकळी आहे. कुणाला कळणार नाही." तात्यांनी पेन काढलं. टोपण काढलं. कागदावर हातही ठेवला. मग टोपण परत लावलं.

"न्हाय भाऊसाहेब. आज माझ्यासाठी तुमी तारीख मागं न्याल. उद्या दुसऱ्या कुणासाठी पुढं न्याल. मग त्या फळ्यापुढं उभा ऱ्हाऊन मी लोकास्नी वाचू काय?"

सोनाबाईला हे कळलं तेव्हा तिने भर रस्त्यात भावाला धारेवर धरलं. "तुझ्या फळ्यापायी माझं घर गेलं रं दादा! साऱ्या गावाला सांगत हिंडलास, आन् माझ्याच वक्ताला तुझं तत्त्व आडवं आलं!" तात्या खाली मान घालून ऐकत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी चावडीच्या दारात उभा होतो, दहा पावलांवर. पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

वर्षाच्या आत माझी बदली झाली, बारामतीजवळ. सोनाबाईची झोपडी पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामात गेली. ती तात्यांच्या मागच्या पडवीत राहायला आली, असं कानावर आलं. तात्या अजून फळा वाचतात, हेही. मला त्या गावी जायला तोंड नव्हतं.

चार-पाच वर्षांनी तात्या गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र गेलो. मुलं शेतावर होती. पडवीत सोनाबाई एकटी बसलेली, खूप थकलेली. मला बघून तिला बरंच वाटलं. "बेस झालं आलासा. दादाच्या वह्या हायती. बेघराचा अर्ज आता करायचाय, नवं भाऊसाहेब म्हनत्यात, पैल्यापासनं मागणी केल्याचं कायतरी दावा. मला वाचाया येत न्हाय. माझ्या घराचं दादानं कुठं काय लिवलंय, तेवढं हुडकून द्या."

पत्र्याच्या पेटीत सगळ्या वह्या वर्षावार लावलेल्या होत्या. इंदापूरच्या रेकॉर्ड रूममध्येसुद्धा मी असं दप्तर पाहिलं नाही. नेमकं साल शोधायला मला काहीच वेळ लागला नाही. पान उघडलं. दवाखान्यात जाण्याआधीच तात्यांनी पुढच्या वीस दिवसांच्या तारखा एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच: 'फळा भाऊसाहेब बघणार.' नवव्या ओळीला, पट्टी बांधलेल्या माणसाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, आणखी काही होतं.

"गावलं?" सोनाबाईने विचारलं. "वाचा की मोठ्यानं. आधी तारीख वाचा. दादा तसंच वाचायचा."

मी आधी तारीख वाचली. मग मजकूर वाचला. "भाऊसाहेब येऊन गेले. फळ्यावर जुनंच सगळं, असं म्हणाले."

ती बोटांवर दिवस मोजू लागली.

"मंग तवा ती नोटीस लागली न्हवती व्हय?"

चार-पाच वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

"लागली होती," मी म्हणालो. "मीच लावली होती."

सोनाबाईने माझ्या हातातून वही घेतली, मिटली, पदरानं पुसली आणि पेटीत जागच्या जागी ठेवून दिली. मग म्हणाली, "जावा आता. एसटीची येळ झाली तुमची."