शक्य असल्यास

दुष्काळाच्या साली पाथर्डीकडच्या एका रस्त्याच्या कामावर मी कारकून होतो. बाया खडी फोडायच्या, मी हजेरी घ्यायचो. वरून येणारे इंग्रजी कागद वाचता येणारा तिथं मी एकटाच.

एका कागदात लिहिलं होतं, की तान्ह्या मुलांसाठी सावलीची सोय करावी. आणि शेवटी, 'इफ पॉसिबल'. शक्य असल्यास. ऑफिसात काही वर्षं काढल्यावर या दोन शब्दांचा उपयोग कळतो. ते ज्या कामाला जोडलेले असतात, ते नाही केलं तरी कोणी विचारत नाही. कागद घडी करून मी खिशात ठेवला. ताडपत्री एकच होती आणि ती माझ्या टेबलावर ताणलेली होती.

एक बाई आपलं पाच-सहा महिन्यांचं पोर पाटीत घालून खडीच्या ढिगाआड ठेवायची. ऊन सरकलं की पाटी सरकवायची. एकदा हजेरीच्या वेळी म्हणाली, "भाऊसाहेब, पलीकडच्या कामावर पोरांला मांडव घातलाय म्हनं."

"त्यांना जमलं असेल."

"आन् आपल्याला?"

"बघू."

"तुमचं बघू आमच्या हिरीगत हाय. वाकून बघायचं आन् माघारी यायचं."

बाया हसल्या. मीही हसलो.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, ती पोराला छातीशी धरून आली. त्यानं मान टाकली होती, रडतही नव्हतं. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्या पायाशी त्याला निजवलं, माझ्या माठातल्या पाण्यात पदर भिजवून त्याचं अंग पुसत राहिली. बऱ्याच वेळानं ते कुरकुरलं. तोवर मी हजेरीपटात डोकं घालून बसलो होतो, नुसताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गड्यांना सांगून ताडपत्री सोडवली आणि बाभळींना बांधून घेतली. एक बिडी ओढून होईल एवढ्या वेळात झालं.

पाटी तिथं ठेवून ती माझ्याकडं आली. "लई उपकार झालं, भाऊसाहेब. सोताच्या डोक्यावरलं काढून दिलंत."

"असू दे," मी म्हणालो.

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. तिनं मानलेले ते उपकार मी मुकाट घेतले, आणि तिच्या पोराच्या सावलीचा कागद तेव्हाही माझ्या खिशात होता.